हवेवर कोणाचा सातबारा?



मागच्या जिल्हा बैठकीत जेवणाची पंगत उठल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने पिशवीतून साबणाच्या वडीएवढी एक डबी काढली आणि आमच्यासमोर ठेवली. हा पोरगा मोटारी भरतो, मोबाइल दुरुस्त करतो आणि वेळ उरला तर बापाच्या सहा एकर पऱ्हाटीत डवरा धरतो. डबीला नऊ व्होल्टची बॅटरी, एक हातभर तार आणि एक माइक. तो लिंबाच्या झाडाखाली उभा राहून बोलायला लागला आणि पलीकडे पारावर बसलेल्या आठ-दहा जणांच्या मोबाइलमधल्या रेडिओवर त्याचा आवाज खणखणीत निघाला. ना इंटरनेट, ना रिचार्ज. म्हाताऱ्या मंडळींनी डबी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

मग पोराने खरा प्रश्न काढला. "दादा, याच्यापेक्षा मोठी बनवतो. पाण्याच्या टाकीवर अँटेना लावली तर आजूबाजूच्या पाच-सहा गावांत आपली सभा घरबसल्या ऐकू जाईल. लावू का?"

एक म्हातारे काका म्हणाले, लाव. दुसरे म्हणाले, पोलीस येतील. आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण आम्हाला उत्तर माहीत नव्हते. तेव्हापासून कायद्याची कागदपत्रे चाळली, जाणकारांना विचारले. आता उत्तर देतो आहोत. ते थोडे लांब आहे, कारण मधेच सोडले तर अर्ध्या लोकांना 'लाव' एवढेच ऐकू जाईल आणि उरलेल्यांना 'पोलीस' एवढेच.

आधी त्या डबीत काय असते ते समजून घेऊ. माइकमध्ये बोललेल्या आवाजाने विजेच्या लहरींची वारंवारता किंचित मागेपुढे हलवायची आणि त्या लहरी तारेतून हवेत सोडायच्या, एवढाच एफएमचा खेळ आहे. आपल्याकडे रेडिओच्या या पट्ट्याचा आकडा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. एका ट्रान्झिस्टरच्या डबीची ताकद काही मिलिवॅटची, म्हणजे ती अंगणातून ओसरीपर्यंत, फार तर शंभरेक फूट पोचते. अंतर दुप्पट करायचे तर ताकद चौपट लागते. पण ताकदीपेक्षा उंचीचे महत्त्व जास्त. या लहरी नजरेसारख्या सरळ जातात, टेकडी आडवी आली की थांबतात. म्हणून सपाट रानात टाकीवर चढवलेला अँटेना घरातल्या दहापट ताकदीच्या यंत्राला मागे टाकील. पोराचा हिशेब चूक नव्हता.

पण त्याला जे माहीत नव्हते तेही सांगायला हवे. घरी गुंडाळलेल्या कॉइलची डबी उन्हाने तापली की आपली जागा सोडते. हात जवळ नेला तरी सरकते. सकाळी ९५ वर लावलेले दुपारी दुसऱ्याच ठिकाणी सापडते. शिवाय अशा यंत्रातून एक आवाज निघत नाही, त्याची पिल्लेही निघतात. ९५ वर बोललात तर १९० वरही खरखर होते. ती गाळायला वेगळी चाळणी लावावी लागते, आणि शंभर रुपयांच्या सामानात ती चाळणी येत नाही. आता पाहा, १०८ च्या धुऱ्याला लागूनच विमानांचे शेत आहे. तिथपासून १३७ पर्यंत विमानांना दिशा दाखवणारे संकेत आणि वैमानिकांचे बोलणे चालते. आपल्या डोक्यावरून रात्रंदिवस विमाने जातात. आपल्या ताकदवान पण बेशिस्त डबीची पिल्ले त्या शेतात शिरली तर नुकसान कोणाचे होईल, हे सांगायला नको. शेजाऱ्याच्या ज्वारीत ढोरे सोडणाऱ्याला आपण काय म्हणतो? लहरींना परवाना असावा या म्हणण्यात सगळाच सरकारी डाव नाही, एवढे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

सगळा नाही, पण बराचसा आहे. तारयंत्राचा कायदा १८८५ चा. गोऱ्या साहेबाने तो केला तेव्हा रेडिओ जन्मलाही नव्हता. पुढे १९३३ साली बिनतारी यंत्रांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. आपल्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल, नुसता ऐकायचा रेडिओ घरात ठेवायलाही पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. ती कटकट ऐंशीच्या दशकात गेली. ऐकण्याची मुभा मिळाली, बोलण्याची नाही. साहेब गेला तरी कायदा राहिला, आणि नव्या साहेबांना तो सोयीचा वाटला. जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार कायदा केला. त्यात परवानगीशिवाय अशी यंत्रणा उभारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिली आहे. दोन कोटी! सहा एकर कोरडवाहूवाल्याने किती जन्म पऱ्हाटी पिकवली म्हणजे एवढे होतील, याचा हिशेब करायचा आम्हालाही धीर झाला नाही.

आणि ही नुसती कागदावरची भीती नाही. आपल्या पोरासारखाच एक रेडिओ दुरुस्त करणारा तरुण बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावात होता. पन्नासएक रुपयांच्या सामानातून त्याने एफएमचे यंत्र जोडले, बांबूवर तार चढवली आणि २००३ पासून गावोगाव गाणी, हरवलेल्या माणसांच्या सूचना, रोगराईची माहिती देत राहिला. लोक खूश होते. २००६ साली वर्तमानपत्रांतून त्याचे कौतुक छापून आले आणि त्या कौतुकामागोमाग सरकार आले. केंद्र बंद पडले. परवाना लागतो हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे तो म्हणाला.

आंध्रात कर्नूल जिल्ह्यात ओर्वकल गावी बचत गटाच्या बायांनी २००२ मध्ये असेच एक अगदी थोड्या ताकदीचे केंद्र चालवले होते. गावाची वेस ओलांडतानाही त्याची दमछाक व्हायची. तेही २००३ मध्ये जप्त झाले. दारूच्या भट्टीवर धाड टाकायला ज्यांना वेळ मिळत नाही, त्यांना बायांच्या माइकवर धाड टाकायला मिळाला.

तेव्हा हवा नेमकी कोणाची, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी देऊन ठेवले आहे. भांडण होते क्रिकेटवाल्यांचे. सामने कोणी दाखवायचे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार कोर्टात गेले होते. पण निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, आणि पैसेवाल्यांचीही नाही. सातबारा जनतेच्या नावाने निघाला. ताबा मात्र तलाठ्याकडेच राहिला, हे आपल्याला नवे नाही. निकालानंतर पुढे खासगी एफएमचे लिलाव झाले, शहराशहरांत सिनेमाची गाणी वाजू लागली. गावाला काय मिळाले? २००२ च्या डिसेंबरात शिक्षणसंस्थांना छोटी केंद्रे काढायची परवानगी, आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिले केंद्र. खेड्यातल्या संस्थांची पाळी यायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला.

त्या दाराने पहिल्यांदा आत गेल्या त्या कोरडवाहू शेतकरी बायाच. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, झहीराबादच्या बाजूला, माचनूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित महिला संघांनी १९९८ च्या सुमारास रेकॉर्डिंगची खोली उभारली होती. परवाना नाही म्हणून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. कॅसेटवर बियाण्याच्या, बाजरीच्या, ज्वारीच्या, जुन्या औषधांच्या गोष्टी भरायच्या आणि ती कॅसेट गावोगावच्या संघाच्या बैठकीत लावायची, असे दहा वर्षे चालले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा 'संघम रेडिओ' ९०.४ वर हवेत गेला. दहा वर्षांत त्यांच्याकडे एवढे बोलणे साठले होते की पहिल्या दिवशी काय लावायचे असा प्रश्न त्यांना पडला नसणार.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ पासून आहे. सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' आहे. दोन्ही पाऊस हुलकावणी देणारे मुलूख. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचेही केंद्र आहे. सगळ्या देशात मिळून २०२४ च्या फेब्रुवारीत अशी केंद्रे होती ४८१. आपल्या देशात गावे सहा लाखांवर आहेत.

आता परवाना कोणाला मिळतो ते पाहू. एकट्या माणसाला मिळत नाही. घरातले हौशी केंद्र कायद्याने काढायची वाट आपल्या देशात नाही, हे त्या पोराला स्पष्ट सांगायला हवे. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी जोडलेल्या संघटनांना मिळत नाही. नफा कमावणाऱ्याला मिळत नाही. नोंदणी झालेली, काही वर्षे त्या भागात काम केलेली संस्था हवी. २००६ च्या नियमांत तीन वर्षांची अट होती. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ, शाळा-कॉलेज यांनाही मिळतो. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा. मग गृह, संरक्षण अशा खात्यांकडून होकार यायचा, लहरीचा आकडा आणि अँटेनाची जागा दूरसंचार खात्याच्या लोकांनी ठरवून द्यायची, करार व्हायचा, मगच यंत्र बसवायचे. ताकद १०० वॅटपर्यंत, अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. सपाट मुलखात दहा-बारा किलोमीटर आवाज पोचतो, म्हणजे एका मोठ्या गावाचा आठवडी बाजार जेवढ्या गावांना पुरतो तेवढ्या गावांना. निदान निम्मे कार्यक्रम गावच्याच लोकांनी केलेले हवेत, ते गावच्या बोलीत हवेत आणि लावलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. जाहिरात घेता येते, पण तासाला ठरलेल्या मिनिटांपुरतीच. २०२४ मध्ये ही मुदत सातवरून बारा मिनिटे झाली.

यंत्रसामग्री, खोली, बॅटरी, इन्व्हर्टर मिळून खर्च लाखांत जातो. काही भार उचलणारी सरकारी योजना आहे. अनुदानाचे पैसे किती फेऱ्यांनी हातात पडतात हे आमच्या वाचकांना आम्ही शिकवायला नको. त्या खर्चापेक्षाही जड असतो तो रोजचा खर्च. वीज जाते तेव्हा कोण बसणार, पेरणीच्या दिवसांत माइकवर कोण येणार, पगार कोण देणार? परवाना मिळवून वर्षभरात दमलेली केंद्रे आहेत. हे सांगून आम्ही कोणाला नाउमेद करत नाही. पण विहीर खोदण्याआधी पाणी पाहतात तसे माणूसबळ पाहावे.

आणि या दारात एक आडवी काठी आहे, तिच्याबद्दल आमचा राग आहे. अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या, बस. चालू घडामोडी नाहीत, राजकारण नाही. म्हणजे तणनाशक कसे मारावे हे सांगता येईल, पण कापसाच्या आयातीवरचा कर कमी झाला आणि त्याने आपला भाव का पडला, यावर चार शेतकऱ्यांनी माइकसमोर भांडायचे म्हटले तर ते बसवायचे कोणत्या रकान्यात? शेतकऱ्याच्या जगण्यातली कोणती गोष्ट राजकारणाबाहेरची आहे, हे नियम करणाऱ्याने एकदा आमच्या बाजार समितीत उभे राहून सांगावे.

अमेरिकेकडे पाहा. तिथे घरात अगदी दुबळे यंत्र, साधारण दोनशे फुटांपर्यंत ऐकू जाईल असे, परवान्याशिवाय चालते. त्यापुढे गेलात तर दंड असा की आपले दोन कोटी लाजतील. २०२० च्या कायद्याने तो आणखी वाढवला. पण २००० साली त्यांनी स्थानिक, नफा न कमावणाऱ्या संस्थांसाठी १०० वॅटच्या परवान्यांची सोय केली आणि बातम्यांवर बंदी घातली नाही. फ्लोरिडात इमोकली नावाच्या गावी टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांच्या संघटनेने २००३ साली असे केंद्र उभारले. नाव 'रेडिओ कोन्सिएन्सिया'. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेली ही माणसे. कित्येकांना इंग्रजी येत नाही, स्पॅनिशही धड नाही. त्यांच्या घरच्या बोलींत केंद्र बोलते. २००५ मध्ये विल्मा नावाचे चक्रीवादळ आले तेव्हा सावधगिरीच्या सूचना याच बोलींतून दिल्या गेल्या. मजुरीच्या दराबद्दलही तिथे उघड बोलले जाते आणि त्यामुळे अमेरिकेचे राज्य बुडाले नाही.

आपल्याला अशा केंद्राची गरज काय, असे विचारणारेही भेटतात. मोबाइलवर सगळे येते म्हणतात. येते ना, खरे किती, खोटे किती, आणि आपल्या शिवाराचे किती? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, तोंडाला फडकेही नाही, औषधात औषध मिसळलेले. पहिला माणूस दवाखान्यात गेला त्याच संध्याकाळी बाजूच्या दहा गावांत ओळखीच्या आवाजात कोणी सांगितले असते की उद्या पंप उचलू नका, अमके मिश्रण करू नका, चक्कर आली तर लगेच अंग धुऊन दवाखान्यात न्या, तर सगळे वाचले असते असे आम्ही म्हणणार नाही. काही तरी थांबले असते. लेबलवरची बारीक इंग्रजी अक्षरे सालदाराला वाचता येत नाहीत. त्याच्या खिशातला रेडिओ त्याला ऐकता येतो, हात पंपावर असतानाही.

आणि हा प्रयोग आपल्या महाराष्ट्राला परका नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची ऐकणारी मंडळे बसवली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो सगळ्यांनी मिळून ऐकायचा, लगेच त्यावर बोलायचे आणि शंका पत्राने पुण्याला कळवायच्या. उत्तर पुढच्या कार्यक्रमात. एकट्याने ऐकण्यापेक्षा दहा जणांनी ऐकून वाद घातला की डोक्यात जास्त राहते, हे तेव्हाच दिसून आले. फक्त माइक पुण्यात होता. तो गावात यायला पन्नास वर्षे लागली आणि तरी अजून पुरता आलेला नाही.

मग पोराला काय सांगायचे? आमच्यातले काही म्हणतात, बंदी असलेले बियाणे दिवसाढवळ्या पेरणारी माणसे आपण, एका डबीला काय भ्यायचे? प्रश्न रास्त आहे. पण बियाणे पेरले तेव्हा आधी जाहीर केले, हजार माणसे बांधावर उभी राहिली, गुन्हे सगळ्यांनी मिळून अंगावर घेतले. टाकीवर रात्री गुपचूप चढवलेल्या अँटेनाचा गुन्हा एकट्या त्या पोरावर बसेल. शिवाय बियाण्याने विमानाला त्रास होत नव्हता. आणि इथे एक दार, अरुंद का होईना, उघडे आहे. त्यातून आत जाण्याचा प्रयत्नच न करता भिंत पाडायला निघणे याला आम्ही धाडस म्हणणार नाही. तेव्हा आमचे उत्तर 'लावू नको' असे आहे. ते देताना आम्हाला आनंद होत नाही.

केंद्र संघटनेच्या नावाने काढावे असेही आम्हाला वाटत नाही. तो आपला भोंगा झाला तर परवाना जाईल, आणि त्याआधी ऐकणारे जातील. आपले भाषण रोज तासभर ऐकायला आपल्या घरची माणसेही बसत नाहीत. गावातली महिला मंडळाची नोंदणीकृत संस्था, वाचनालय, चांगली चालणारी शाळा किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांनी अर्ज करावा, आपण राबायला माणसे द्यावीत. बायांचा आवाज त्यात निम्मा तरी हवा; कपाशी वेचते कोण आणि सभेत बोलते कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

तोपर्यंत माचनूरच्या बायांचा धडा घ्यावा. मोबाइलवर रेकॉर्ड करायला परवाना लागत नाही. या हंगामात तीन-चार गावांनी मिळून पंधरा दिवसांतून एकदा अर्ध्या तासाचे बोलणे भरावे: बोंडअळीचे कामगंध सापळे कधी लावले, कोणत्या जिनवर वजनात किती कटती मारली, ज्वारीचा कडबा कुठे कितीला गेला. मेमरी कार्डावर घालून ते पारावर, बचत गटाच्या बैठकीत, किराणा दुकानाच्या ओट्यावर लहान स्पीकरवर लावावे. चावडीवर मोठा भोंगा लावायचा तर त्याला पोलिसांची लेखी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद, हेही लक्षात असू द्या. कोणी ऐकले, कोण मधेच उठून गेले, याची वही ठेवा. अर्ज करायची वेळ येईल तेव्हा 'आमचे काम' या रकान्यात लिहायला ती वही उपयोगी पडेल.

बातम्यांवरची बंदी उठवा, आणि गावाच्या वेशीपर्यंतच पोचणाऱ्या, कारखान्यात तपासून शिक्का मारलेल्या लहान यंत्राला ग्रामसभेच्या ठरावावर साधी नोंदणी पुरेशी धरा, या दोन मागण्यांचा ठराव पुढच्या बैठकीत मांडायचा आहे. त्यावर बोलायचे असेल त्यांनी येताना आपल्या तालुक्यातल्या अर्ज करू शकणाऱ्या संस्थांची नावे आणि त्यांच्या नोंदणीचे साल लिहून आणावे. तो पोरगा रेकॉर्डिंग कसे करायचे ते जेवणाच्या सुट्टीत दाखवणार आहे. डबी घरी ठेवून ये, असे त्याला कळवले आहे.